दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा?

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की मुंबईतील अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते, नोटिसा बजावल्या जातात आणि बहुतेक रहिवासी होते तेथेच राहतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे दगावली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत त्याच शोकांतिकेची पुनरावृत्ती झाली. अशा प्रसंगी मालकाचा लोभ किंवा भाडेकरूंचा हट्ट यांवर ठपका ठेवून सारे मोकळे होतात. वस्तुतः प्रश्न स्वभावाचा नसून हिशेबाचा आहे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत हे संरक्षण आवश्यकच होते. ते नसते तर गिरणी कामगार, कारकून आणि शिक्षक यांना या शहरात थारा मिळाला नसता. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. प्रमाणभाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमाने मालकास वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि पागडीलाही कायद्याची मान्यता दिली.

पण चार टक्के कशाचे? समजा, वीस खोल्यांच्या चाळीत दरखोली भाडे दोनशे रुपये आहे. वर्षाचे उत्पन्न झाले ४८ हजार रुपये आणि त्यावरील वाढ १,९२० रुपये! कुजलेल्या तुळया बदलावयाच्या, जिना नव्याने बांधावयाचा, तर खर्च लाखांच्या घरात जातो. एवढ्या भाड्याच्या भरवशावर कोणती बँक कर्ज देईल? भाड्याच्या इमारतीत पैसा घालणारा एवढेच पाहतो, की भाड्यातून कर्जाचा हप्ता, कर आणि डागडुजी भागते काय? येथे ते भागत नाही. म्हणून मालक हात आखडता घेतो.

ही पोकळी भरण्यासाठी शासनाने १९६९ च्या कायद्यान्वये उपकर बसविला व दुरुस्ती मंडळ स्थापिले. पुढे ते ‘म्हाडा’त विलीन झाले. तथापि, मंडळाच्या खर्चाला चौरस मीटरमागे कमाल मर्यादा असते, आणि तीपलीकडचा बोजा रहिवाशांवर येतो. १९८६ साली ७० टक्के भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादन करविण्याची सोय झाली. मालक न्यायालयात गेले. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, हा ५ नोव्हेंबर २०२४ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल याच वादातून निघाला.

उरला मार्ग पुनर्विकासाचा. जादा चटईक्षेत्र घ्यावे, जुन्या रहिवाशांना विनामूल्य घरे द्यावीत आणि उरलेल्या सदनिका विकून खर्च भागवावा, अशी ही योजना. भूखंड प्रशस्त आणि वस्ती मोक्याची असेल तेथे ती जमते. चिंचोळ्या गल्लीतील लहान इमारतीकडे विकासक फिरकत नाही. याचा विपरीत अर्थ असा की, पाडण्यासाठी भांडवल मिळते, सांभाळण्यासाठी मिळत नाही. जी इमारत वेळीच डागडुजी होऊन आणखी तीस वर्षे उभी राहिली असती, तीही मोडकळीस येण्याची वाट पाहिली जाते.

यावर उपाय भाडी एकाएकी बाजारावर सोडण्याचा नव्हे. तसे केल्यास निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्ध कुटुंबे रस्त्यावर येतील. दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च हप्त्याहप्त्याने भाड्यात मिळवावा, तो पैसा स्वतंत्र खात्यात ठेवून दुरुस्तीखेरीज अन्यत्र वापरू देऊ नये, ऐपत नसलेल्यांचा वाटा शासनाने उचलावा, आणि या खात्याच्या आधारावर अल्पव्याजी कर्ज मिळावे. स्वस्त भाडे हा भाडेकरूचा लाभ खरा. परंतु डोक्यावरचे छप्पर सुरक्षित नसेल तर तो लाभ नव्हे, केवळ लांबणीवर टाकलेले संकट होय.