पवनचक्कीत पैसा घालण्यापूर्वी वाऱ्याची सावली पाहा

लोणावळ्याच्या नागफणीवर पावसाळ्यात जो उभा राहिला, त्याला वाऱ्याची ताकद सांगावी लागत नाही. मावळ-खेडच्या डोंगरांवर आंध्रा धरणाच्या परिसरात ११३ मेगावॉटचा पवनप्रकल्पही उभा आहे. त्यामुळे पवनचक्कीसाठी जमीन किंवा भागीदारी सुचविणारा दलाल "डोंगरमाथा आहे, म्हणजे वारा आलाच" एवढ्यावर सौदा उरकू पाहतो. आमच्या मते एवढ्या भरवशावर एक रुपयाही देऊ नये.

वाऱ्याचा हिशोब साधा नाही. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. वेग दहा टक्के घटला तर शक्ती सुमारे २७ टक्के घटते. शिवाय प्रत्येक चक्की वाऱ्यातली शक्ती काढून घेते आणि मागे मंद, घुसळलेला वारा सोडते. हीच वाऱ्याची सावली. म्हणून वाऱ्याच्या दिशेत एकामागे एक चक्क्या उभारताना पात्यांच्या घेराच्या व्यासाच्या पाच ते नऊ पट अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. व्यास ८० मीटर असेल, तर हे अंतर ४०० ते ७२० मीटर होते.

सह्याद्रीत याहून अधिक सावध राहावे लागते. कोकणातून चढणारा वारा माथ्यावर जोर धरतो. स्कॉटलंडच्या आस्करवेन टेकडीवर १९८२-८३ मध्ये मोजणी झाली, तेव्हा माथ्यावरचा वेग सपाटीपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त भरला. पण उभ्या कड्यापाशी आणि डोंगराच्या पाठीमागे तोच वारा जमीन सोडून भोवरे करतो. तेथे वीज कमी मिळते आणि पाती, बेअरिंग, गिअरबॉक्स लवकर थकतात. एकाच डोंगरावरच्या दोन जागांची कमाई म्हणूनच सारखी नसते.

पूर्वी अनेकांनी केवळ घसाऱ्याच्या करसवलतीसाठी चक्क्या घेतल्या. ८० टक्क्यांची ती सवलत २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. आता कमाई विजेतूनच व्हायची आहे.

तेव्हा व्यापारी बंधूंनी तीन कागद मागावेत : त्याच जागेवरील किमान वर्षभराची वारामोजणी, शेजारच्या चक्क्यांचा नकाशा, आणि चक्की जुनी असल्यास वीजनिर्मिती व दुरुस्तीची महिनावार नोंद. लेथ, वेल्डिंग आणि क्रेनचे काम करणाऱ्या कारागिरांनीही देखभालीचा ठेका वर्षाच्या ठोक रकमेवर घेण्यापूर्वी हीच नोंद पाहावी. भोवऱ्यातल्या चक्कीची मोडतोड नाहीतर त्यांच्याच खिशातून भरली जाईल.

कापड घेताना आपण ताका उलगडून पाहतो. वारा न मोजता का घ्यावा?