वजन आणि कस

सोन्याच्या व्यवहारात वजन आणि कस या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे व्यापारी घरातील लहान मुलासही ठाऊक असते. दागिना किती कॅरेटचा आहे हे कळल्याविना केवळ तराजूवरून त्याचे मोल ठरत नाही. प्रौढांस गांजा विकण्याची मुभा देणाऱ्या देशांपुढे आज असाच प्रश्न आहे. मर्यादा घालायची ती मालाच्या वजनावर, की त्यातील मादक द्रव्याच्या कसावर? उच्च शिक्षणासाठी मुलांना कॅनडा-अमेरिकेस धाडणाऱ्या कुटुंबांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

गांजातील मुख्य मादक घटकास टीएचसी म्हणतात. अमेरिकेत जप्त झालेल्या मालाच्या तपासणीत १९९५ साली त्याचे सरासरी प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले होते. २०१४ मध्ये ते सुमारे १२ टक्के झाले. प्रक्रिया करून काढलेल्या अर्कांत ते ६० टक्क्यांच्याही पुढे जाते. नाव तेच राहिले. माल मात्र बदलला.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाची विक्री कायदेशीर केली आणि पुढील वर्षी खाद्यपदार्थांचे नियम लागू केले. त्यानुसार चॉकलेट वा जेलीच्या गोळ्यांच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी चालत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका मात्रेस १० आणि संपूर्ण पाकिटास १०० मिलिग्रॅमची मुभा आहे. खाद्यपदार्थांविषयी एवढी दक्षता घेण्याचे कारण उघड आहे. धुराचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. पोटातून होणाऱ्या परिणामास अर्धा ते दोन तास लागतात. तेवढ्यात ‘काहीच झाले नाही’ असे समजून मनुष्य दुसरी गोळी घेतो. लहान मुलास तर ती केवळ मिठाईच वाटते.

या बाबतीत क्युबेक प्रांताचे उदाहरण बोलके आहे. तेथे मुलांना भुलवणाऱ्या मिठाईस व चॉकलेटास मनाई आहे. खाद्यपदार्थ विक्रीस आल्यानंतर ऑन्टारिओ, अल्बर्टा व ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत गांजाच्या विषबाधेने रुग्णालयात दाखल होणाऱ्या बालकांचे प्रमाण आणखी वाढले. क्युबेकमध्ये तशी वाढ दिसली नाही. म्हणजे १० मिलिग्रॅमची मर्यादा असूनही पदार्थाचे रूप निर्णायक ठरले.

सुक्या फुलांच्या कसावर मात्र कॅनडाच्या केंद्रीय कायद्यात कमाल मर्यादा नाही. क्युबेकने ती ३० टक्के ठेवली. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने २०२० च्या कायद्यात फुलांसाठी ३० आणि घन अर्कांसाठी ६० टक्के ठरवली.

या मर्यादांचा हिशेबही तपासून पाहावा. कॅनडात प्रौढास सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅम सुका गांजा वा त्याच्या समतुल्य माल बाळगता येतो; १ ग्रॅम सुका गांजा म्हणजे १५ ग्रॅम खाद्यपदार्थ. पाकीट १० ग्रॅमचे धरल्यास ४५ पाकिटे, अर्थात ४५० मिलिग्रॅम टीएचसी जवळ ठेवता येते. पाकिटावरील मर्यादा अपघात टाळते. व्यसन टाळत नाही. ते काम कायद्याच्या आवाक्याबाहेरचे असून घराच्या संस्कारांवर सोपवलेले आहे.

भारतात मात्र हिशेबाची पद्धतच वेगळी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात शिक्षेची पायरी वजनावर ठरते. गांजाचे अल्प प्रमाण १ किलो आणि व्यापारी प्रमाण २० किलो. चरसाचे अनुक्रमे १०० ग्रॅम आणि १ किलो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की मिश्रणातील केवळ अमली द्रव्याचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे. परदेशात १० मिलिग्रॅम म्हणून विकले जाणारे चॉकलेट येथे साखर व कोकोसह तराजूत पडू शकते. अल्प प्रमाणासही एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. कॅनडाचा कायदाही असा माल सीमेपार नेण्यास मनाई करतो. तेथील दुकानाची पावती विमानतळावर बचाव ठरत नाही.

म्हणून सुटीत घरी येणाऱ्या मुलामुलींना सामान बांधण्यापूर्वीच ही गोष्ट स्पष्ट सांगावी. मित्राने दिलेले पाकीटही वेष्टनावरील मजकूर वाचल्याविना स्वीकारू नये. खरेदीपूर्वी कस पाहण्याची व्यापारी घराण्यांची जुनी सवय येथेही उपयोगी पडेल.