डिस्ट्रिब्यूटर नावाचा ताम्रपट आणि ‘अस्सल’पणाचा सोस

रत्नागिरीच्या रत्नदुर्गाच्या तटाला कोणी सिमेंटचा गिलावा चढवला, तर समाजमाध्यमांवरील इतिहासप्रेमी तरुण दुसऱ्याच दिवशी पेटून उठतील. ते योग्यच होईल. परंतु त्याच तटावरचे बहमनी काळानंतरचे आदिलशाही आणि मराठा काम खरवडून ‘मूळ’ किल्ला उघडा करा, असे कोणी सुचवले, तर त्याला वेड्यात काढले जाईल. जुन्या मोटारींच्या जगात मात्र नेमका हाच वेडेपणा ‘रिस्टोरेशन’ या भारदस्त नावाने चालतो.

उदाहरण अगदी लहान, मुठीत मावेल एवढ्या वस्तूचे आहे. एमजीए ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९५५ ते १९६२ या काळात तयार होत होती. एकूण एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या बनल्या. तिच्या इंजिनात लूकास कंपनीचा डीएम-२ जातीचा डिस्ट्रिब्यूटर असे. कॉइलमध्ये निर्माण होणारा उच्च दाबाचा विद्युतप्रवाह चार सिलिंडरांच्या प्लगांपर्यंत १-३-४-२ या क्रमाने पोचवणे हे त्याचे काम. आतल्या पॉइंटची फट जेमतेम ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करतात. शाफ्टची बुश थोडी जरी झिजली, तरी शाफ्ट डुलतो, फट बदलते आणि ठिणगीची वेळ चुकते.

या डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर मॉडेलची खूण, क्रमांक आणि उत्पादनकाळाचा ठसा असतो. अभ्यासकाने तो ताम्रपटासारखा वाचावा. प्रत्यक्षात तो पॉलिश करून पुसला जातो किंवा संपूर्ण डिस्ट्रिब्यूटरच भंगारात जातो. कारण? त्यावर ‘मेड इन इंग्लंड’ नसते.

ते का नसते, हा खरा इतिहासाचा प्रश्न. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सुटे भाग आणून केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातून गाशा गुंडाळला. पुढे परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरचे निर्बंध आले. बर्मिंगहॅमहून सुटा भाग मागवणे सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेर गेले. १९६१ मध्ये मद्रासजवळ पाडी येथे लूकास-टीव्हीएस उभी राहिली. आणि एक गोष्ट हौशी मंडळी सोयीस्कर विसरतात: सुरुवातीच्या एमजीएचे १४८९ सीसीचे इंजिन आणि अ‍ॅम्बॅसॅडरने वर्षानुवर्षे वापरलेले इंजिन ही एकाच बी-सिरीज घराण्यातील भावंडे. मोठ्या डौलाची स्पोर्ट्स कार आणि सरकारी साहेबाची पांढरी गाडी यांची नाळ एकच! तेव्हा भारतात राहिलेल्या एमजीएला अ‍ॅम्बॅसॅडरचा डिस्ट्रिब्यूटर बसवलेला आढळला, तर ती भेसळ नव्हे. तो त्या गाडीच्या भारतीय आयुष्याचा दाखला आहे.

कोकणात हा दाखला अधिकच बोलका ठरतो. समुद्राची खारी हवा पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खाते. पावसाळ्यात कॅपच्या आत दमटपणा साचला, की ठिणगी आपली वाट सोडून कॅपच्या भिंतीवरूनच पळते. रत्नागिरीहून आंबा घाट चढताना इंजिन ठोके देऊ लागले, तर मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून टायमिंग मागे घेई. त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलला दुसरा उपाय नव्हता. झिजलेल्या बुशच्या जागी लेथवर गनमेटलची नवी बुश ओढली जाई. अशा बुशवरच्या हत्याराच्या रेघा म्हणजे, ज्याची कुठेही नोंद नाही, त्या कारागिराची सहीच.

याचा अर्थ जुने ते सारे जसेच्या तसे ठेवावे, असा नव्हे. सलून गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरमधली वजने आणि स्प्रिंगा स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला जशाच्या तशा चालत नाहीत. वेग वाढेल तशी ठिणगी किती लवकर पडावी, याचे गणित दोहोंत वेगळे. ते जुळवून घेणे हीच खरी दुरुस्ती. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवणाऱ्यांचेही म्हणणे अगदी टाकाऊ नाही: रस्त्यात गाडी बंद पडत नाही, दर काही महिन्यांनी पॉइंट घासावे लागत नाहीत. बसवा, पण जुनी बेस-प्लेट, पॉइंट, कंडेन्सर लेबल लावून डब्यात ठेवा. जे पूर्ववत करता येते, ते क्षम्य. घासून पुसलेला ठसा मात्र पुन्हा उमटत नाही.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. वाहन मूळ रूपात असावे, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा, ही त्यांतली अट. ‘मूळ रूप’ म्हणजे कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेला पहिला दिवस, असा अर्थ हौशी मंडळींनी परस्पर लावून घेतला आहे. पुढच्या साठ वर्षांचे काय? प्रदर्शनात गाडीला गुण देणाऱ्या परीक्षकांनी कागदावर आणखी एकच रकाना वाढवावा: कोणता भाग केव्हा, कुठे आणि कोणी दुरुस्त केला. तो भरायचा असेल, तर रत्नागिरीत अ‍ॅम्बॅसॅडर टॅक्स्या ज्यांनी चालत्या ठेवल्या त्या, आता सत्तरी ओलांडलेल्या मिस्त्रींकडे आजच वही घेऊन बसावे लागेल.