तापवणे सोपे, निववणे अवघड

काचेचे काम म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फुंकणीला तोंड लावून लालबुंद गोळा फुगवणारा कारागीर उभा राहतो. पण काचेचे दुसरेही एक काम आहे. त्यात फुंकणी नाही की उघडी आग नाही. थंड काचेचे तुकडे कापायचे, हवे तसे एकमेकांवर मांडायचे, विजेच्या बंद भट्टीत ठेवायचे आणि उष्णतेने ते एकजीव होऊ द्यायचे. त्याच भट्टीत सपाट काच साच्यावर ठेवली तर ती मऊ होऊन आपल्याच वजनाने साच्यात बसते आणि ताटली तयार होते.

अलीकडे या कामाचे दोन-दोन दिवसांचे वर्ग निघू लागले आहेत आणि घरच्या घरी करता येईल असा उद्योग म्हणून काही तरुण-तरुणी त्याकडे वळत आहेत. माझी भोपाळची मावसबहीण त्यांतलीच एक. ताईला पदवी घेऊन तीन वर्षे झाली, मनासारखी नोकरी नाही. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून भट्टी घ्यावी असे तिच्या मनात आहे. गेल्या उन्हाळ्यात मी मावशीकडे गेलो तेव्हा या बेताचा हिशेब मांडून देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण आमच्या नात्यागोत्यात कॉमर्सवाला मी एकटाच.

तो हिशेब मांडता मांडता माझे जे मत झाले ते वाचकांपुढे ठेवतो. हे काम शिकवणारे काच तापवायला हौसेने शिकवतात, निववायला शिकवत नाहीत. आणि या धंद्यात माणसाचा पैसा बुडतो तो निववण्यात.

हे नीट समजून घेतले पाहिजे. भट्टीतून काच एकदम बाहेर काढली तर तिचा वरचा थर आधी निवतो व आकसतो, आतला थर मागाहून आकसू पाहतो. दोघांची ओढाताण काचेत कोंडून राहते. वरून काच छान चकचकीत दिसते, पण पोटात भांडण असते. ताईने वर्गात केलेली ताटली तीन दिवस फळीवर होती. चौथ्या दिवशी कोणी हात न लावता ती तडकली. वर्गवाल्यांनी सांगितले, "काचच हलकी असेल." काच हलकी नव्हती. वर्ग संध्याकाळी संपतो, म्हणून भट्टी संध्याकाळी उघडली होती.

खिडकीच्या साध्या काचेचे आकडे सांगतो. भट्टीभट्टीत थोडाफार फरक पडतो, पण सुरुवातीला हे उपयोगी पडतील. साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सिअसला ती साच्यात वाकते. ८०० ते ८३० अंशांना दोन थर पूर्ण एकजीव होतात. नंतर पारा ५५० अंशांच्या आसपास आला की उतरण थांबवायची. सहा मिलिमीटर जाडीची वस्तू तिथे तासभर तशीच ठेवायची, मग ताशी ऐंशी अंशांहून वेगाने उतरू द्यायचे नाही. पारा ३७० अंशांखाली गेल्यावर वीज बंद केली तरी चालते, पण झाकण मात्र भट्टी हाताला गार लागेपर्यंत उघडायचे नाही. वस्तू बारा मिलिमीटर जाड असेल तर तासाचे दोन तास करायचे आणि उतरण ताशी पन्नास अंशांवर आणायची. याहून जाड वस्तूच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये, कारण जाडी वाढते त्याच्या कितीतरी पटीने निववण्याचा वेळ वाढतो.

आता आमच्या शाखेची गोष्ट. परिव्यय लेखांकनात आपण मर्यादक घटक शिकतो. ज्या गोष्टीची टंचाई असेल तिच्या मापाने नफा मोजावा, असा तो नियम. या धंद्यात टंचाई काचेची नाही, विजेचीही फारशी नाही. समजा भट्टी तीन किलोवॅटची आहे, एक घाणा बारा तास चालला आणि कॉइल त्यातला निम्मा वेळ पेटती राहिली, तर अठरा युनिटे झाली. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा, आकडा छाती दडपवणारा नाही. खरी टंचाई भट्टीच्या दिवसांची आहे. सकाळी भरलेली भट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी होते. म्हणजे दिवसाला एकच घाणा, महिन्याला फार तर पंचवीस.

पंधरा इंच चौरस फळीवर चार इंचांच्या नऊ चकत्या मावतात आणि त्या एका घाण्यात तयार होतात. त्याच फळीवर एकच मोठी ताटली बसते, आणि तिला एकदा थर जोडायला व पुन्हा साच्यात बसवायला असे दोन घाणे लागतात. तेव्हा ताटलीने अठरा चकत्यांइतके भट्टीचे भाडे कमावले पाहिजे. बाजारात मात्र माणसे काचेच्या वजनावर किंमत लावतात आणि वर्षाच्या शेवटी पैसा कुठे गेला म्हणून विचारतात. ताईच्या वहीत आम्ही पहिला रकाना 'भट्टीचे दिवस' असा आखला, मग बाकीचे.

"कलेत कसला आला हिशेब?" असे काही जण म्हणतील. माझे म्हणणे उलट आहे. ज्याला आपली वस्तू केवढ्याला पडली हे ठाऊक नाही, तो घाई करतो, आणि घाई झाली की निववणे तुटते. हिशेब कलेचा शत्रू नाही, तो तिचा पहारेकरी आहे.

मालाबद्दलही असेच भ्रम आहेत. परदेशी रंगीत काच आणल्यावाचून काम सुरूच होत नाही असे सांगितले जाते. भोपाळमध्ये जागोजाग इमारती उठत आहेत. खिडक्यांच्या काचा कापणाऱ्या दुकानात रोज कात्रणे निघतात आणि शेवटी ती कबाडीकडे जातात. हात बसेपर्यंत हाच माल उत्तम. तीन मिलिमीटरच्या काचेचे दोन थर घ्यावेत. वितळलेली काच आपण होऊन सुमारे सहा मिलिमीटर जाडीवर स्थिरावू पाहते, म्हणून एकच थर पूर्ण वितळवला तर तो कडांनी आत ओढला जातो. दोन्ही थर शक्यतो एकाच तावातले असावेत. काच आधी स्वच्छ धुऊन बोटांचे ठसेही पुसून टाकावेत, नाहीतर वर पांढुरके धुके येते.

काही काचा मात्र भट्टीत घालू नयेत. टफन केलेली काच कापायला गेले की तिचा भुगा होतो. मोटारीच्या पुढच्या काचेत प्लास्टिकचा पडदा असतो, तो जळून धूर होतो. आरशाच्या पाठीवरचा लेप काढल्याशिवाय आरसा वापरू नये. आणि सर्वांत मोठा मोह म्हणजे फुटक्या बांगड्या! कासाराच्या दुकानातले ते रंग पाहून कोणालाही वाटेल की हे खिडकीच्या काचेवर वितळवावे. आमच्या घरी कन्नड बोलतात, तिथे काचेला 'गाजु' आणि बांगडीला 'बळे' असे वेगळे शब्द आहेत. भट्टीही हा भेद मानते. दोन्ही काचाच, पण तापल्यावर फुगण्याचे व निवताना आकसण्याचे त्यांचे प्रमाण एक असेलच असे नाही. ते जमले नाही तर कितीही सावकाश निववा, जोड आज ना उद्या तडकणारच. बाटल्यांचेही तेच.

याची परीक्षा सोपी आहे. खिडकीच्या काचेच्या पट्टीवर बांगडीचा बारीक तुकडा वितळवून नीट निववावा. मग भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले दोन पोलरॉइड एकमेकांवर आडवे धरून उजेड बंद करावा आणि पट्टी त्यांच्यामध्ये धरावी. तुकड्याभोवती उजेडाचे कडे दिसले तर ताण आहे, तो माल वर्ज्य. अंधार राहिला तर जोडी जमली.

हत्यारांत पैसा कुठे घालावा? मोठ्या भट्टीत नव्हे, तर भट्टीच्या नियंत्रकात. तापमान मोजणारा थर्मोकपल आणि ठरवलेल्या वेगाने पारा चढवणारा-उतरवणारा नियंत्रक नसेल तर माणसाला रात्रभर जागावे लागते, आणि तो पहाटे दोनला झोपतो. बाकीचे सामान स्वस्त आहे. चांगला काचकटर, रॉकेलमध्ये बुडवून वापरायचा, आणि एक पकड. फळीला काच चिकटू नये म्हणून अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि चिनी माती पाण्यात कालवून लेप द्यायचा व तो पूर्ण वाळू द्यायचा. साचे कुंभाराकडून बिनझिलईचे भाजून घ्यावेत आणि तळाला एक भोक ठेवायला सांगावे, म्हणजे काचेखालची हवा निघून जाते. काच साच्याच्या आत बसवायची असेल तर मातीचा साचा घ्यावा. साच्यावरून पांघरायची असेल तर स्टीलचा, कारण निवताना स्टील काचेहून जास्त आकसते आणि वस्तू सुटी होते. मातीचा उंचवटा काचेच्या कवेत अडकून बसतो.

भट्टीशी ओळख व्हायला ज्याला पाहायचे त्याला जागा आहेत. भोपाळला १९८२ साली चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे बड्या तलावाच्या काठी भारत भवन उभे राहिले, तिथे सिरॅमिक्सची कार्यशाळा आहे. आपल्या बाजूला खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे. माती आणि काच वेगळ्या, पण आगीचा धीर एकच.

धुळीविषयी दोन शब्द. याच मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली होत. दगड कापताना उडणाऱ्या धुळीने तिथल्या कित्येक कामगारांची फुप्फुसे सिलिकोसिसने निकामी झाली. आपण ज्या पेन्सिलीने मुळाक्षरे गिरवली तिची ही किंमत कोणत्याही खतावणीत आली नाही. भट्टीच्या कामात साच्याची भुकटी, फळीवरचा वाळलेला लेप आणि तापलेला तंतूंचा कागद यांची धूळ असते. ती झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि नाकातोंडावर साधा रुमाल नव्हे तर धुळीचा मास्क बांधावा. २ डिसेंबर १९८४ ची रात्र ज्या शहराने काढली, तिथल्या मावशीला हे सांगावे लागले नाही. भट्टी स्वयंपाकघराशेजारी नको, हे तिनेच आधी सांगितले. रंगीत काचांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते, म्हणून तपासणी केल्यावाचून अशा ताटल्या जेवणासाठी विकू नयेत.

आपल्या प्रांताला काच नवीन नाही. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा जमवण्याची कल्पना काढली आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचेचे शास्त्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेयांच्या हाती तो दिला गेला, आणि तिथे शिकलेली माणसे पुढे इतर कारखान्यांत पसरली. १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानात ओगलेवाडी वसवली आणि वडिलांच्या नावाचा प्रभाकर कंदील घराघरांत नेला. कंदिलाची काच म्हणजे निववण्याची परीक्षाच की! आतून ज्योत, बाहेरून पावसाचे शिंतोडे. ओगलेवाडीचा तो कारखाना आज बंद आहे, पण पैसा-पैसा जमवणाऱ्यांनी तो पैसा आधी जाणत्या माणसाच्या स्वाधीन केला, हा धडा जुना झालेला नाही.

म्हणून आपल्या प्राध्यापकांना एक विनंती करावीशी वाटते. पोलरॉइड व थर्मोकपल भौतिकशास्त्र विभागात आहेत, परिव्ययाचे तक्ते आमच्या विभागात आहेत. दोन्ही विभागांनी मिळून एक लहान भट्टी घ्यावी. विज्ञानाच्या मुलांनी पारा लिहावा, आम्ही खर्च लिहावा, आणि प्रत्येक घाण्याची नोंद मराठीत व कन्नडमध्ये भिंतीवर लावावी. कोणती वस्तू तडकली व का, हेही त्यात असावे. ज्या घरात साठवलेले थोडेसे पैसे घेऊन एखादी ताई भट्टीचा विचार करीत बसली असेल, तिला दोन दिवसांच्या वर्गापेक्षा अशी एक वही अधिक उपयोगी पडेल.

— एक विद्यार्थी, बी. कॉम., द्वितीय वर्ष