कारखान्याला हिरवं प्रमाणपत्र, गोणी उचलणाऱ्या बाईला काय?

जळगाव-धुळ्याच्या उद्योगांना पर्यावरणाचे नियम पाळायला मदत केली पाहिजे, असं आता सगळेच म्हणू लागले आहेत. उद्योजक म्हणतात, अधिकारी म्हणतात, सल्लागार तर म्हणणारच. आमचा या मदतीला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की मदत कोणाला? ज्याच्या नावावर शेड आहे त्याला, की ज्या हातांमुळे तो नियम प्रत्यक्षात पाळला जातो त्या हातांनाही?

जळगावच्या प्लास्टिक चटईचंच उदाहरण घ्या. लग्नाच्या मांडवापासून बुद्धविहारापर्यंत आपण सगळे तिच्यावर बसतो. या चटईसाठी भंगार प्लास्टिकपासून केलेला दाणाही वापरला जातो. तो दाणा एमआयडीसीत उगवत नाही. पहाटे गोणी घेऊन निघालेली बाई रस्त्यावरून, उकिरड्यावरून प्लास्टिक वेचते. भंगारवाला ते किलोवर घेतो. मग त्याची रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे निवड होते, धुलाई होते आणि त्यानंतर दाणा तयार होतो. हो, प्लास्टिकचीही जात पाहतात. पण ते निवडणाऱ्यांची जात कोणी विचारत नाही, कारण ती सगळ्यांना आधीच माहीत असते. बहुतेक जण दलित, भटके-विमुक्त नाहीतर गरीब मुस्लिम.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १६ फेब्रुवारी २०२२ ला केंद्र सरकारने प्लास्टिक पॅकेजिंगसाठी विस्तारित उत्पादक जबाबदारीची, म्हणजे ईपीआरची नियमावली आणली. जी कंपनी बाजारात प्लास्टिकचं वेष्टन आणते, तिने ठरलेल्या प्रमाणात प्लास्टिकवर पुन्हा प्रक्रिया झाल्याचा हिशेब द्यायचा. स्वतः करता येत नसेल तर नोंदणीकृत प्रक्रियादाराकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचं. म्हणजे त्याच कचऱ्याला आता दोन किमती आल्या. एक मालाची, दुसरी प्रमाणपत्राची. गोणीवाल्या बाईला पहिल्या किमतीतले काही रुपये मिळतात. दुसरी किंमत नावाची काही चीज आहे, हेच तिला कोणी सांगितलेलं नाही.

आणि हे फक्त बाईपुरतं नाही. आपल्यातला एखादा पोरगा भंगाराच्या धंद्यातून वर येऊन दाण्याचं छोटं मशीन टाकतो. प्रमाणपत्र विकायचं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी हवी. नोंदणीसाठी राज्य मंडळाचं संमतीपत्र हवं. संमतीपत्रासाठी जागेचे कागद हवेत, सांडपाण्याची व्यवस्था हवी. भाड्याच्या पत्र्याखाली धंदा करणाऱ्याने हे आणायचं कुठून? मग तो एजंटाच्या दारात जातो, नाहीतर बेकायदेशीर ठरतो. मोठा कारखानदार त्याच्याकडून स्वस्तात माल घेतो आणि स्वतः पर्यावरणप्रेमी म्हणून सत्कार करून घेतो.

धुळ्याकडे या. अवधानच्या एमआयडीसीत असो की दुसऱ्या कुठल्या, जिथे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहे तिथे गाळाची टाकीही आहे. कागदावर प्रकल्प चालू, संमतीपत्र हातात, सगळं नियमात. पण टाकी साफ करायला आत कोण उतरतं, हा रकाना अर्जात असतो का? २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं. गटारातल्या मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला दिला. गाळाच्या टाकीतला वायू काही वेगळा नसतो. नदी वाचवण्यासाठी आमचा माणूस मरणार असेल, तर त्या व्यवस्थेला आम्ही पर्यावरण म्हणणार नाही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेब आपल्या शेजारच्या मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं त्यांनी बजावलं. गिरणीत विणाई खातं अस्पृश्याला बंद होतं, रेल्वेत तो गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच निवृत्त व्हायचा. कारखाना आधुनिक, कामाची वाटणी मात्र मनूची. आज कारखाना हिरवा होतो आहे. वाटणी बदलली का?

काही मालक लगेच म्हणतील, नियम कडक केले तर धंदे बंद पडतील, तुमचीच पोरं बेकार होतील. या भीतीला बळी पडू नका. लहान उद्योजकाची कागदपत्रांत फरफट होते हे खरं आहे. पण जळगाव हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे, कारण इथली हवा ठरलेल्या मानकात बसली नाही. ती हवा सगळ्यात आधी आपल्याच वस्त्यांच्या छातीत जाते. नियम सैल करणं हा आपला कार्यक्रम नाही.

आपल्या चळवळीनेही कबूल करावं, की पर्यावरण हा विषय आपण झाडं लावून फोटो काढणाऱ्यांवर सोडून दिला. महाडचा सत्याग्रह पाण्यासाठीच झाला होता, हे आपण भाषणात सांगतो आणि खाली उतरून विसरतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. उद्योगाला अनुदान, प्रशिक्षण, सल्ला जे काही द्याल, त्यासोबत अट घाला की ईपीआरच्या पैशातला ठरलेला वाटा कचरावेचकांच्या गटांना मिळेल. २०१६ च्या घनकचरा नियमांतच कचरावेचकांच्या नोंदणीची तरतूद झाली होती. जळगाव आणि धुळे महापालिकांनी त्या याद्या वॉर्डनिहाय जाहीर कराव्यात. २०२४ पासून नमस्ते योजनेत कचरावेचकही आले आहेत, तिचा लाभ किती जणांपर्यंत पोचला तेही सांगावं. लहान भंगार आणि दाणा व्यावसायिकांसाठी जिल्हा उद्योग केंद्राने प्रदूषण मंडळाला सोबत घेऊन नोंदणी शिबिरं घ्यावीत, सामाईक धुलाई केंद्रासाठी जागा द्यावी. आणि गाळाच्या टाकीची सफाई यंत्रानेच होते याचा पुरावा दिल्याशिवाय संमतीपत्राचं नूतनीकरण होऊ नये.

उरलेलं काम आपलं आहे. विद्यापीठातून रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र शिकून बाहेर पडलेली आपली शेकडो मुलं-मुली स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभी आहेत. संमतीपत्राचा अर्ज, ईपीआरचं पोर्टल, वार्षिक विवरणपत्र हे सगळं शिकायला त्यांना जड नाही. दर ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांना अभिवादन करायला जमतो. यंदा तिथे एक टेबल मांडा. भंगारवाल्याचे कागद भरून द्या, गोणीवाल्या बाईची नोंद करून घ्या. एजंट जे पैसे घेऊन करतो, ते आपण संघटना म्हणून करू.

जय भीम!