वाडा पाहिला म्हणजे काय पाहिले?

सुटीच्या दिवशी पनवेलची मंडळी बोरघाट चढून पुण्यास जातात, शनिवारवाड्याच्या हिरवळीवर डबे सोडतात, दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांना हात लावून पाहतात आणि ‘वाडा पाहिला’ असे समाधानाने सांगत परततात. परवा स्नेह्यांच्या अशाच एका मेळ्यात आम्हीही होतो. सहलीला आमचा मुळीच विरोध नाही. झाडाखाली बसून चार घास खाणे हे पातक खासच नव्हे. आक्षेप आहे तो त्या समाधानावर.

जी हिरवळ पाहून मंडळी ‘पेशव्यांची बाग किती रमणीय!’ म्हणून माना डोलावतात, तेथे पुष्कळ ठिकाणी एके काळी चौक, दिवाणखाने आणि महाल होते. १७३० साली बाजीरावाने पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. जोती, तट आणि दरवाजे तेवढे उरले. पेशव्यांच्या बागशोभेची खूण पाहावयाची तर सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या घाटाचे हजारी कारंजे पाहावे, आणि नानासाहेबांनी कात्रजहून भूमिगत नळाने पाणी आणविले, त्याचा विचार करावा. पण त्या कारंज्यापाशी मंडळी छायाचित्रापुरती थांबतात.

याहून मोठा अन्याय गोष्टीचा होतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणरावाला गारद्यांनी या वाड्यात मारले. ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी पौर्णिमेच्या रात्री अजून ऐकू येते, असे मुलांना सांगितले जाते. मुले शहारतात, वडील हसतात आणि इतिहास संपतो! वस्तुतः येथेच तो सुरू होतो. गादीवर बसलेल्या रघुनाथरावाला ‘या खुनाचे दोषी आपण’ असे तोंडावर सांगणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच राज्यात होते. भुताची कथा घरोघर आणि या निःस्पृह पुरुषाचे नावही मुलांना ठाऊक नसावे, ही निवड कोणी केली? आपणच.

‘सहलीस आलेल्यांना धडे कशाला?’ असे एका स्नेह्याने त्या दिवशी विचारले. प्रश्न रास्त वाटतो; पण भुताची कथा हाही धडाच आहे, फक्त खोटा. शिवाय पनवेलकरांना तरी हा प्रश्न शोभत नाही. बारभाईंनी पदच्युत केलेला रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेला, १७७५ साली सुरतेस तह झाला, आणि त्याला पुन्हा गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस आमच्याच पनवेलास उतरून हाच घाट चढली. १७७९ च्या जानेवारीत वडगावी तिला मराठ्यांपुढे नमते घेऊन तह करावा लागला. म्हणजे त्या आरोळीचा खरा प्रतिध्वनी आमच्या बंदरात उमटला होता.

पुढच्या खेपेस मंडळींनी वाटेत वडगावास दहा मिनिटे गाडी थांबवावी, आणि मग वाड्यात शिरावे. डबे त्यानंतर सोडले तरी चालतील.