आभाळातील दोर आणि जमिनीवरील कर्तव्य

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव आणि मुंबईच्या कुलाब्यास असलेला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ ह्यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न कोणी केल्यास आमचे बहुतेक वाचक ‘काहीच नाही’ असे उत्तर देतील. नकाशाही त्यांचीच बाजू घेईल. दोहोंमध्ये सरळ रेषेत सातशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर आहे. आसगाव वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या चौरास भागातले. तेथील शेतकऱ्याचा पाण्याशी संबंध येतो तो नदीच्या, कालव्याच्या आणि पावसाच्या. परंतु नौदलाच्या हेलिकॉप्टर पथकांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास जो लक्षपूर्वक पाहील, त्यास ह्या इतिहासातील एक धडा कुलाब्याइतकाच आसगावासही लागू आहे असे दिसून येईल. तो धडा आज सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील ‘हंसा’ तळावर नौदलाचे ३३५ क्रमांकाचे हवाई पथक रुजू झाले. एमएच-६० आर सीहॉक हे हेलिकॉप्टर वापरणारे हे दुसरे पथक. पहिले, ३३४ क्रमांकाचे, ६ मार्च २०२४ रोजी कोचीस स्थापन झाले होते. समारंभ यथासांग झाले आणि त्यांत सर्वांस अभिमान वाटावा हे योग्यच आहे. तथापि अभिमानाच्या भरात, ही यंत्रे किती आधी यावयास हवी होती, हा प्रश्न विसरला जाऊ नये.

एप्रिल १९७१ मध्ये कोची येथे ३३० क्रमांकाचे पथक उभे राहिले. ब्रिटनमधून आणलेली सी किंग हेलिकॉप्टरे त्याच्या हाती देण्यात आली आणि काम नेमून दिले ते शत्रूच्या पाणबुड्या हुडकण्याचे. पुढे मुंबई हे ह्या पथकाचे घर झाले. कुलाब्याचा जो तळ पूर्वी ‘कुंजली’ म्हणून ओळखला जाई आणि २००९ पासून ‘शिक्रा’ हे नाव धारण करून आहे, तोच हा तळ. पाणबुडी शोधण्याच्या कामी हेलिकॉप्टरासारखे दुसरे साधन नाही. ते लाटांच्या वर एका जागी स्थिर राहते, तारेने आपले श्रवणयंत्र पाण्यात खोल सोडते, कानोसा घेते आणि यंत्र वर ओढून पुढच्या जागी जाते. जहाजाच्या तळाशी बसविलेल्या यंत्रास जे ऐकू येत नाही ते पाण्याच्या खालच्या थरातून त्यास ऐकू येते. आणि पाणबुडीचा पाणतीर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

हे साधन असणे आणि नसणे ह्यांत केवढे अंतर आहे, ते त्याच वर्षी रक्ताने लिहिले गेले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडविली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला ह्यांनी जहाजाबरोबर जलसमाधी घेतली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक कामी आले. खुकरी आणि तिची सोबतीण ‘किरपाण’ ह्या पाणबुडीच्याच शोधार्थ गेल्या होत्या. परंतु त्यांच्या श्रवणयंत्रांचा पल्ला पाणबुडीच्या पल्ल्याहून तोकडा होता, आणि सी किंगांचे पथक उभे राहून अवघे आठ महिने झाले होते. शौर्यात उणे काही नव्हते. उणी होती ती वेळेवर केलेली तयारी.

ह्या अनुभवाने आपण शहाणे झालो काय? काही अंशी झालो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अधिक समर्थ अशी सी किंगे आली आणि पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणाचा मोठा भार त्यांनी वाहिला. पण मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, सुटे भाग अडले आणि धडधाकट यंत्रे जमिनीवर बसून राहिली. परक्याच्या मर्जीवर अवलंबून असलेले शस्त्र ऐन वेळी आपले राहत नाही, हे तेव्हा कळून चुकले. त्यानंतर तरी त्वरा व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात सोळा नव्या हेलिकॉप्टरांच्या खरेदीची फाईल वर्षानुवर्षे ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरली आणि २०१७ मध्ये सारा व्यवहारच रद्द झाला. चोवीस सीहॉकांचा करार झाला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. दरम्यान कोट्यवधी रुपयांच्या युद्धनौका समुद्रात उतरत होत्या आणि हेलिकॉप्टरासाठी बांधलेली त्यांवरील जागा पुष्कळदा रिकामी राहत होती. घर बांधावे आणि दाराला कडी लावावयास विसरावे, असा हा प्रकार. स्वदेशी ध्रुवाकडे पाहावे तर ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला आणि त्या जातीच्या यंत्रांची उड्डाणे कित्येक महिने थांबवावी लागली. स्वावलंबनाचा मार्ग सोडावा असे आम्ही म्हणत नाही. तो निर्दोष करण्यास वेळ, पैसा आणि चिकाटी लागते, व ती आधीपासून लावावी लागते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शहरातील नागरिकास मात्र ही पथके ठाऊक आहेत ती निराळ्या कारणासाठी. पूर आला, जहाज बुडू लागले की आभाळातून दोर खाली येतो आणि त्या दोरास धरून माणूस वर जातो, हे चित्र सर्वांच्या मनात ठसले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात हे चित्र साऱ्या देशाने पाहिले. त्या वैमानिकांस आम्ही मनःपूर्वक वंदन करतो. तथापि ह्या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मुंबईच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ ह्या तराफ्यास जलसमाधी दिली. तराफा व ‘वरप्रदा’ ही टगबोट मिळून २७४ माणसे होती. त्यांतील १८८ वाचली, ८६ गेली. वादळ ऐन भरात असता हेलिकॉप्टरांस जवळ जाता आले नाही. ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ ह्या जहाजांनी रात्रभर खवळलेल्या लाटांतून माणसे उचलली आणि दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरे त्यांच्या मदतीस गेली. वादळाची पूर्वसूचना हवामान खात्याने कित्येक दिवस आधी दिली होती. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हाही नौदलाचे हेलिकॉप्टर वर घिरट्या घालीत होते. पण सुमारे एक हजार प्रवासी बाहेर आले ते मुख्यतः होड्यांतून.

येथेच आसगावचा संबंध येतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठास वेढा पडला. वरच्या धरणातून पाणी सुटल्याची वार्ता खालच्या गावांस वेळेवर मिळाली नाही, अशी तक्रार तेव्हा ठिकठिकाणी झाली. असा प्रसंग पुन्हा आला तर कुलाब्याहून सी किंगासारखे हेलिकॉप्टर चौरासात पोहोचण्यास साडेतीन तासांहून अधिक वेळ लागेल, परतण्यापूर्वी त्यास इंधन भरावे लागेल, आणि ढग खाली उतरलेले असतील तर ते कदाचित निघूही शकणार नाही. नागपुरास राज्याचे आपत्ती प्रतिसाद दल आहे; पण रस्ते पाण्याखाली गेल्यावर जवळचे अंतरही लांबचे होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आसगावासारख्या गावाने आभाळाकडे पाहत बसावे अशी वेळ सरकारने त्यावर आणू नये. धरणांतून पाणी सोडण्याची वार्ता दोन राज्यांच्या सरहद्दीवर न अडता पाण्याच्या कितीतरी आधी गावच्या चावडीवर पोहोचावी. नदीकाठच्या मोठ्या गावांत होड्या आणि तरंगजाकिटे कायमची ठेवावी. वैनगंगेचे ढीवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या डोंगा वल्हवीत आले आहेत. नदीचा स्वभाव त्यांच्याइतका कोणास ठाऊक नाही. त्यांस शिक्षण व मानधन देऊन गावोगाव बचावपथके उभारावी. ह्यास सीहॉकाच्या किमतीचा अल्पांशही लागणार नाही.

आणि आसगावकराने तरी समुद्रावरील पथकांची चिंता का करावी? कारण त्याच्या पंपाचे डिझेल आणि त्याच्या धानाच्या खताचा बराच भाग ह्याच समुद्रमार्गाने येतो. अरबी समुद्रात पाणबुडीचा कानोसा घेणारे यंत्र चौरासातल्या बांधीचेही रक्षण करीत असते. त्या यंत्रास त्याचे खरे काम करू द्यावे. गावच्या पुरातून माणसे काढणे हे प्रथम गावाच्या होडीचे काम होय; दोर हा अखेरचा उपाय असावा, पहिला नव्हे.

खुकरीबरोबर गेलेल्या १९४ जणांस आपण दरवर्षी फुले वाहतो. ती वाहावीच. परंतु त्यांचे खरे स्मारक व्हावयाचे असेल तर फाईल वेळेवर निघाली पाहिजे आणि होडी पावसाळ्यापूर्वी काठावर लागली पाहिजे. संकट आल्यावर पराक्रम करणारी माणसे ह्या देशात पूर्वीही होती, आजही आहेत. त्यांच्यावर तो पराक्रम करण्याची पाळी कमी वेळा यावी, हे पाहणे राज्यकर्त्यांचे आणि त्यांस निवडून देणाऱ्या आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.